दीडशेचा आकडा

उदगीर डेपोत ग्यानोबा सोनकांबळेला कुणी विचारलं, की गाडीत डिझेल किती आहे, तर तो काट्याकडे बघायचा नाही. खाली उतरायचा, टाकीवर दोन बोटांनी ठोकायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "देगलूर होतंय आरामात. येताना भरावं लागंल." आणि तसंच व्हायचं. तेहतीस वर्षं एसटी चालवली त्यानं. दहा लिटरमागं कुठल्या चालकाची गाडी किती किलोमीटर गेली याचा तक्ता दर महिन्याला डेपोच्या भिंतीवर लागायचा. त्या तक्त्यात त्याचं नाव पहिल्या तिघांच्या खाली कधी उतरलं नाही. डिझेल वाचवल्याबद्दल एकदा त्याचा सत्कारही झाला होता.

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत एका पांढऱ्या, आवाज न करणाऱ्या गाडीपुढं हतबल झाला.

गाडी त्याच्या मुलीची, यशोधराची. ती बँकेत अधिकारी. बदली गुवाहाटीला झाली तेव्हा तिनं विजेवरची गाडी उदगीरला आणून सोडली. "आईला दवाखान्यात न्यायला कामी येईल, बाबा," म्हणाली. अंगणात खड्डा खणून, अर्थिंग करून, भिंतीवर जाड प्लग बसवून देऊन ती गेली.

गाडी चालवायला सोपी होती. त्याला छळत होता तो समोरच्या पडद्यावरचा किलोमीटरचा आकडा. जाहिरातीत तीनशे पंधरा किलोमीटर लिहिलेलं. रात्रभर चार्ज करून सकाळी बसलं, की आकडा दाखवायचा दोनशे चाळीस. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत दोनशे एकतीस. एक दिवस तर उतारावरून स्टेशनकडं जाताना आकडा वाढला. ग्यानोबानं गाडी कडेला घेतली आणि बघतच राहिला. चालवता चालवता डिझेल वाढल्याचं त्यानं तेहतीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यानं यशोधराला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, ते तीनशे पंधरा बंद खोलीत रोलरवर गाडी फिरवून मोजलेले असतात. तिथं ऊन नाही, वारा नाही, चढ नाही. आणि पडद्यावरचे किलोमीटर म्हणजे गाडीचा अंदाज. तुम्ही आत्तापर्यंत जशी चालवली तशीच पुढं चालवाल असं धरून ती सांगते. तुम्ही टक्के बघत जा."

"हाव, हाव," ग्यानोबा म्हणाला. पण त्याची नजर आकड्यावरच राहिली. गाडी चालवताना दर मिनिटाला खाली बघायचा. झोपेतून उठून अंगणात जायचा आणि चार्जरचा हिरवा दिवा लुकलुकतोय ना, ते बघून यायचा.

तोवर फिरणं उदगीरपुरतंच होतं, म्हणून निभत होतं. सुमनबाई, त्याची बायको, दीड वर्षापासून डायलिसिसवर होती. सोमवारी आणि गुरुवारी गावातल्याच केंद्रावर न्यायचं, चार तासांनी आणायचं. पण त्या वर्षी पावसानं दगा दिला. तळ्याचा तळ उघडा पडला, नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायला लागलं. एका माणसाच्या डायलिसिसला शंभर-सव्वाशे लिटर अगदी स्वच्छ पाणी लागतं. टँकरचं पाणी इतकं खारट, की केंद्रातलं गाळणीचं यंत्र आठवड्यात चोंदलं. एप्रिलच्या शेवटी दारावर कागद लागला, पाण्याअभावी केंद्र बंद. लातूरला नंबर लागेना. नांदेडला लागला. जायला एकशे वीस किलोमीटर, यायला एकशे वीस.

गल्लीतल्या गौरम्मालाही तिथंच नंबर मिळाला. गौरम्मा एकटी राहणारी, बिदरकडची, किडकिडीत बाई. सुमनबाई तिला म्हणाली, "गाडी तशीबी जाऊनच राहिलीय. तू कशाला बशीत हाल काढतीस?"

पहिल्या तीन खेपा बऱ्या गेल्या. नांदेडात दवाखान्यापासून जवळच एक चार्जिंगची जागा होती. बायका आत असताना ग्यानोबा गाडी तिथं लावायचा, पूर्ण भरायचा आणि चार तास शेजारच्या पिंपळाखाली येरझारा घालायचा.

चौथी खेप मे महिन्यातल्या एका गुरुवारची.

सकाळी सहाला निघाले. हवा गार होती. चौकातल्या चहाच्या टपरीवर "उदगीर जिल्हा झालाच पाहिजे" असा नवा फलक लागला होता. गौरम्मा मागच्या सीटवरून म्हणाली, "जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतोय म्हणे अण्णा, इथंच. मग नांदेड नको, काही नको."

"लातूर जिल्हा झाला तवा मी शाळेत होते," सुमनबाई म्हणाली. "तवाबी असंच म्हणत होते. दवाखाना आला, पण पाणी कुठं आलं?"

उजाडता उजाडता शिरूर ताजबंद गेलं, मग अहमदपूर, मग माळाकोळीचा उतार, लोहा. पाठीमागून वारा होता. नऊच्या आधी नांदेडला पोचले तेव्हा बॅटरी चव्वेचाळीस टक्के उरली होती. सुमनबाईनं ते पर्समधल्या डायरीत लिहून घेतलं. पहिल्या खेपेपासून ती असं काहीबाही लिहायची. ग्यानोबानं कधी विचारलं नव्हतं. बसल्या बसल्या बाईला काहीतरी चाळा, एवढंच तो धरून चालला होता.

त्या दिवशी चार्जरपाशी रांग होती. पुढं दोन गाड्या. त्याचा नंबर लागला तेव्हा बारा वाजायला आले होते आणि यंत्र उन्हानं इतकं तापलेलं, की थोडा वेळ चालायचं, बंद पडायचं, पुन्हा चालू व्हायचं. पावणेदोनला दोघी बायका बाहेर येऊन गाडीत बसल्या. डायलिसिस झालं की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. गौरम्मानं डोकं काचेला टेकवलं ते तसंच ठेवलं.

गाडी एकाहत्तर टक्के भरली होती. पडद्यावर आकडा होता एकशे बावन्न.

"दीडशे हाय," ग्यानोबा म्हणाला आणि वायर काढायला लागला. "घर एकशे वीस. तीस वर राहते."

"अर्धा तास थांबा की," सुमनबाई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "सकाळी गार होतं, उतार होता, म्हणून गाडी दीडशे म्हणते. आता जाताना सगळं उलटं हाय. लातूर-उदगीर उंचावर, नांदेड गोदावरीच्या काठाला. आपण उतरून आलो सकाळी."

"मला रस्ता शिकवतीस? तेहतीस वर्षं..."

"रस्ता न्हाई शिकवत. थांबा म्हणते."

पण त्याला तिथं एक क्षणही थांबवेना. यंत्र पुन्हा बंद पडलं तर? मागच्या गाडीवाल्यानं भांडण काढलं तर? सकाळपासून उभं राहून पायांत मुंग्या आल्या होत्या. आकडा घराच्या अंतरापेक्षा मोठा होता, आणि मोठा आकडा समोर असताना थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वायर काढली, दार आपटलं आणि निघाला.

लवकर पोचावं म्हणून त्यानं ऐंशीचा वेग धरला. शहर सुटलं तशी उन्हाची भिंतच समोर आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. पश्चिमेचा वारा सुटला होता. धुळीचे लोट तोंडावर येत होते आणि रस्त्याकडेच्या बाभळी गाडीच्या दिशेनं वाकलेल्या दिसत होत्या. ग्यानोबाला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ तो लावत नव्हता. तो आकडा बघत होता. एकशे बावन्नचे एकशे चाळीस झाले, एकशे अठ्ठावीस झाले, एकशे दहा झाले. गाडी मात्र वीसच किलोमीटर आली होती.

लोह्याला पोचले तेव्हा एकोणपन्नास टक्के उरले होते. बत्तीस किलोमीटरला बावीस टक्के गेले. घर अजून अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, आणि पडद्यावरचा आकडा होता ब्याऐंशी.

 वाटेत गाडी बंद पडण्याची त्याला भीती नव्हती. आयुष्यात शंभर गाड्या बंद पडलेल्या बघितल्या होत्या आणि दुरुस्तही केल्या होत्या. पण तेव्हा बॉनेट उघडून काहीतरी करता यायचं. इथं बॉनेट उघडून काय करणार होता? आणि सोबत दोन आजारी बायका, त्रेचाळीस अंशांचं ऊन.

जुन्या सवयीनं हात चालले. त्यानं एसी बंद केला. चारी काचा खाली घेतल्या. उतार आला की गाडी न्यूट्रल करून सोडून दिली, घाटात डिझेल वाचवायला सोडायचा तशी. आग ओकणारा वारा आत घुसला. डायरीची पानं फडफडली. आकडा तरीही गळतच राहिला. अठ्ठ्याहत्तर. एकाहत्तर. चौसष्ट.

"अक्का," मागून गौरम्माचा बारीक आवाज आला, "मला गरगरतंय."

सुमनबाईनं मान वळवली आणि एकदम ओरडली, "गाडी बाजूला घ्या! आधी बाजूला घ्या!"

माळाकोळीच्या अलीकडं एका लिंबाच्या झाडाखाली त्यानं गाडी लावली. गौरम्माचा चेहरा राखेसारखा झाला होता. डायलिसिसनंतर तिचा रक्तदाब नेहमीच खाली यायचा. वर हा उकाडा. सुमनबाईनं तिला मागच्या सीटवर आडवी केली, पाय उशीवर उंच ठेवले, पदर ओला करून कपाळावर ठेवला.

"एसी लावा," ती म्हणाली.

"बॅटरी..."

"लावा म्हणते ना!"

त्यानं लावला. काचा वर गेल्या. पाच मिनिटांत आत गार झालं. दहा मिनिटांत गौरम्मानं डोळे उघडले, आणि त्या दहा मिनिटांत बॅटरीचा एकच टक्का गेला. ग्यानोबा पडद्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं होतं, एसी निम्मी बॅटरी खात असेल.

सुमनबाई पुढच्या सीटवर येऊन बसली. डायरी उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. आजारपणामुळं सोडायच्या आधी तिनं छत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली होती. पानावर तशीच आखणी होती, तिथल्या वजनाच्या रजिस्टरसारखी. गाव, किलोमीटर, टक्के, वेग, ऊन.

"हे बघा," ती म्हणाली. "अंगणवाडीत पोरगं एकदा काट्यावर बसवून ते सुधारलं का खंगलं ते कळत नसतं. महिन्याच्या महिन्याला वजन घ्यायचं, रेघ कुठं चालली ते बघायचं. तुमी नुसतं काट्याकडं बघून राहिलाव. ती किलोमीटरची गोष्ट सोडा. टक्के धरा. दहा किलोमीटरला टक्के किती गेले, एवढंच बघा. सकाळी येताना पाचाच्या आत जात होते. तुमी ऐंशीनं हाणली तर सात गेले. मागच्या सोमवारी लोह्यापासून ट्रॅक्टरमागं अडकून पन्नासनं आलो, तवा सव्वापाच. एसी लावून. एसी बंद केला तर दहा किलोमीटरला जेमतेम एक टक्का वाचतो. पण काचा उघडून वारा आत घेतला की तोबी जातो."

"आणि न्यूट्रल?"

"तेबी लिहिलंय. माळाकोळीच्या उतारावर तुमी तशीच गेअरात ठेवली की टक्का कधी कधी परत मिळतो. गाडी उतारावर आपणहून भरून घेते. न्यूट्रल केली की त्यातलं काहीच मिळत न्हाई."

ग्यानोबानं पानावरच्या ओळींवरून बोट फिरवलं. तेहतीस वर्षांचा चालक तो, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसून या बाईनं, सुया टोचून हात निळे झालेल्या बाईनं, चार खेपांत गाडी समजून घेतली होती. त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, काय लिहितीस म्हणून.

"छत्तीस टक्के हायत," तो अखेर म्हणाला. "सत्तर किलोमीटर. सव्वापाचानं..."

"सदतीसच्या आसपास लागतील," सुमनबाई म्हणाली. "अहमदपुरात त्या हॉटेलापाशी चार्जर हाय. तिथं भरू."

ग्यानोबानं गाडी पन्नासवर धरली. ट्रक मागून भोंगे वाजवत पुढं जात होते. एका जीपवाल्यानं तर मान बाहेर काढून हातवारे केले. एसटी चालवताना त्याला कुणी असं मागं टाकलं असतं, तर त्यानं दोन गावं तरी पाठलाग केला असता. आता तो दात खाऊन डाव्या बाजूनं चालत राहिला. वीस किलोमीटरला अकरा टक्के गेले. रेघ सरळ झाली होती.

पण अहमदपुरात हॉटेलापुढच्या चार्जरवर गोणपाट टाकलेलं. "ट्रान्सफॉर्मर जळालाय," आतला माणूस म्हणाला. "दोन दिवस झाले. कधी येतंय ते सांगता येत न्हाई."

ग्यानोबा उन्हात उभा राहिला. पंचवीस टक्के. पन्नास किलोमीटर. थोडक्यात चुकत होतं. रस्त्यापलीकडं बस स्थानकात उदगीरची एसटी लागलेली दिसत होती. चालक त्याच्या ओळखीचा, साहेबराव, त्याच्याच हाताखाली शिकलेला. ग्यानोबाच्या मनात एक विचार आला आणि तो विचार पुरता तपासायच्या आधीच तोंडातून बाहेर पडला.

तो मागच्या खिडकीशी वाकला. "गौरम्मा, एसटीनं जाता का? साहेबराव हाय, खिडकीची सीट देतो. गाडीतलं वजन कमी झालं तर..."

गौरम्मानं काही विचारलं नाही. उठून बसली, पदर नीट केला, आणि पायाशी ठेवलेली पिशवी ओढायला लागली.  "जाते की अण्णा. तुम्ही काळजी करू नका."

सुमनबाईनं आपल्या बाजूचं दार उघडलं.

"तू कुठं चाललीस?"

"मीबी उतरते. माझं वजन तिच्यापेक्षा जास्त हाय." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "पंचावन्न माणसं आणि टपावर पोती घेऊन चढ चढलाव तुमी जन्मभर. आज ह्या बेचाळीस किलोच्या बाईनं गाडी अडती का?"

ग्यानोबानं स्थानकाकडं पुन्हा एकदा बघितलं. एसटीचं दार उघडं होतं, आत माणसं उभी होती, लोखंड तापलेलं होतं. पाऊण तासापूर्वी ही बाई सीटवर निपचित पडली होती. आणि आपण तिला तिथं पाठवायला निघालो होतो, चुकीच्या हिशेबावर, आणि तोही आपणच वायर लवकर काढली म्हणून. तेहतीस वर्षांत त्यानं एकाही प्रवाशाला मध्येच उतरवलं नव्हतं. दारुड्यालासुद्धा डेपोपर्यंत नेलं होतं.

त्यानं गौरम्माच्या हातातून पिशवी घेतली आणि पुन्हा तिच्या पायाशी ठेवली. "बसा," तो म्हणाला.  "चुकलं माझं. बसा तुम्ही."

 गाडी निघाली.

शिरूर ताजबंद मागं पडलं. ग्यानोबानं आता पडद्यावरच्या किलोमीटरवर चक्क रुमाल टाकला होता. सुमनबाई टक्के वाचायची, तो रस्ता बघायचा. "सतरा," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "पंधरा." मग "तेरा." वारा पडला नव्हता. बाराला आल्यावर तिनं डायरी मिटली. "पंचवीस किलोमीटर उरले. सव्वापाचानं तेरा लागतात. न्हाई पुरत."

"दिसंल त्या घरापाशी थांबतो," तो म्हणाला. रुमाल उचलून आकडा बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

रस्त्याला लागूनच रानातल्या वस्तीचा एक आखाडा होता. दोन पत्र्याची शेडं, एक चिंच, रिकामा गोठा. कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम, त्यावर झाकण आणि झाकणावर दगड. साठीची एक बाई बाजेवर तूर निवडत बसली होती. ग्यानोबानं नमस्कार केला. नाव, कुठून आलो, काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे विजंवर चालती?" बाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. तिचं नाव विठाबाई. "वीज हाय की आमच्याकडं. बोअर आटला फेब्रुवारीत, पर लाईट काय आटत न्हाई. ती बघा, कडबा कुट्टीच्या मशीनची पिन. औंदा कडबाच न्हाई तर कुट्टी कशाची करायची? जनावरं लेकीकडं धाडलीत. लावा तुमची गाडी."

जाड प्लग बघून ग्यानोबाच्या जिवात जीव आला. त्यानं डिक्कीतून वायर काढली, लावली. वायरीवरच्या चार्जरच्या डब्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. काढली, पुन्हा लावली. पुन्हा लाल.

लाल दिवा म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. यशोधरानं घरी प्लग बसवला तेव्हा वायरमननं बजावलं होतं, अर्थिंगची माती वाळली की गाडी वीज घेणार नाही, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतत जा. इथं शेडमागं अर्थिंगची सळई होती, पण तिच्याभोवतीची माती वाळून फुटाण्यासारखी झाली होती. सळई हातानं हलत होती.

तो परत आला, पण तोंड उघडेना. त्या ड्रमकडं बघून पाणी मागायचं कसं?

तोवर विठाबाईनं तांब्या भरून आणला होता. तिनं तो आधी सुमनबाईपुढं धरला. सुमनबाईनं हात जोडले. "नको बाई."

गौरम्मापुढं धरला. तिनंही मान हलवली.

विठाबाईचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा पडला. "कोन म्हनलाव तुमी? सोनकांबळे ना? आमचं पाणी चालंना का तुमाला?"

 ग्यानोबाच्या आजीला याच रानांत ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं होतं. ही बाई आज स्वतःहून तांब्या हातात द्यायला निघाली होती आणि उलटच समजत होती.

"तसं न्हाई हो," सुमनबाई घाईनं म्हणाली आणि बाही वर करून सुयांचे डाग दाखवले. "आमच्या दोघींचं मूत्रपिंड गेलंय. पाणी अंगातच साठतं. दिवसाला मोजून एक लिटर प्यायचं. आजचं पिऊन झालं."

विठाबाई त्या डागांकडं बघत राहिली. "आन तहान?"

"तहान लागतीच की," गौरम्मा म्हणाली.

"आई गं." विठाबाई मटकन बाजेवर बसली. "आमाला न्हाई म्हनून पिता येईना, आन तुमाला असून."

तांब्यातलं पाणी ग्यानोबानं प्यायलं, कुणीतरी प्यायलाच हवं होतं म्हणून. आणि मग धीर करून त्यानं अर्थिंगचं सांगितलं. सळईभोवती दोन घागरी तरी ओतायला लागतील. "तुमच्या प्यायच्या पाण्यातलं मागत न्हाई," तो म्हणाला. पण मग कुठलं मागतोय, ते त्यालाही कळत नव्हतं.

विठाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू तेहतीस वर्षं गाडी चालवून याला काहीच कळलं नाही. "मातीत घालायला चांगलं पाणी कशाला लागतंय? सकाळपासनं धुणं-भांड्याचं पाणी साठवलंय मोरीतल्या टिपाडात. झाडाला घालते सांच्याला. ते घ्या. चिंच एक दिवस थांबंल."

साबणाचं राखट पाणी ग्यानोबानं बादलीनं आणलं. विठाबाईनं वर मूठभर खडेमीठ टाकलं. तिच्या मालकानं मोटरीला असंच केलेलं तिनं पाहिलं होतं. पहिली बादली मातीनं आवाज करत पिऊन टाकली. दुसरी जराशी साचून राहिली. ग्यानोबानं सळई दगडानं ठोकून आत घातली, ओल्या मातीवर पाय देऊन घट्ट केली. प्लग लावला.

लाल. मग दिवा विझला. मग हिरवा.

गौरम्मानं टाळी वाजवली, लहान मुलीसारखी.

सव्वा तास गाडी तिथं उभी राहिली. चिंचेखाली बाजेवर दोघी बायका आडव्या झाल्या. विठाबाईनं त्यांना वारा घातला आणि आपल्या लेकीचं बाळंतपण, टँकरवाल्याची मुजोरी, जिल्हा झाला तर आपण लातूरचे राहणार का उदगीरचे, असं सगळं विचारून-सांगून घेतलं. ग्यानोबा मात्र बसला नाही. डब्यापाशी जायचा, परत यायचा, माती ओली आहे का ते पायानं बघायचा, पुन्हा जायचा. पंधरा, अठरा, बावीस. बावीसला तो म्हणाला, "पुरंल आता." सुमनबाईनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. तो पुन्हा डब्याकडं गेला.

सव्वीसला त्यांनी वायर काढली. निघताना काय द्यावं ते ग्यानोबाला सुचेना. विठाबाईच म्हणाली, "पुढल्या खेपेला जाताना हाक मारा. लाईट असंल तर बसा, नसंल तर बोलून जावा."

सहा वाजता, उन्हं अजून भिंतींवर असतानाच, गाडी उदगीरच्या चौकात शिरली. बारा टक्के उरले होते. गौरम्माला तिच्या दारात उतरवताना ग्यानोबा खाली उतरला, तिचा हात धरून तिला ओट्यापर्यंत नेलं आणि काही बोलायला म्हणून तोंड उघडलं. "असू द्या अण्णा," गौरम्मा म्हणाली आणि कडी काढून आत गेली. ती मनापासून म्हणाली का नुसतीच, ते त्याला कळलं नाही. बरेच दिवस ते त्याला टोचत राहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी तो पुन्हा नांदेडच्या त्या पिंपळाखाली उभा होता. यंत्र चालत होतं. दोघी बायका गाडीत येऊन बसल्या होत्या. पंच्याऐंशी टक्के झाले होते, आकडा जवळजवळ पावणेदोनशे दाखवत होता. मागं एक गाडीवाला रांगेत चुळबुळत होता. ग्यानोबाच्या पायांत पुन्हा त्या मुंग्या आल्या. तो गाडीच्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"निघायचं का अण्णा?" गौरम्मानं आतून विचारलं.

त्यानं वर बघितलं. पिंपळाची पानं पूर्वेकडं वळून सळसळत होती. पश्चिमेचा वारा अजून जोरात होता.

"बसा अजून," तो म्हणाला. "सुमन, लिहिलंस का? सकाळी येताना दहा किलोमीटरला किती टक्के गेले?"

सुमनबाईनं डायरी उघडली.